जांभळी शाई

पंधरा वर्षं मी दुसऱ्यांची पत्रं आधी वाचली.
हिंडलग्याला, तुरुंगाच्या टपालखोलीत,
टेबलावर दाभण, डिंकाची बाटली
आणि शिक्का: परिशीलिसलागिदे.
तपासले आहे, म्हणजे मी.
कन्नड पत्रं हिरेमठ बघायचा, मराठी माझ्याकडं.
कुणाच्या म्हशीला रेडी झाली,
कुणाची बायको माहेरी गेली ती तिथूनच लिहिते आहे
पण तसं लिहीत नाही,
मला ठाऊक असायचं. घरी जेवताना गप्प बसायचो.

मग बदली झाली. बळ्ळारी. अडीच वर्षं.
माझ्या खुर्चीवर कुणी आलं नाही.
मराठी पत्रं मात्र येत राहिली.
जे वाचता येत नाही ते आत जात नाही,
आणि बाहेरही नाही.
कपाटाचा खालचा कप्पा.
कुलूप नव्हतं, लागतही नव्हतं.

बेकिनकेऱ्याचा भरमाणी गुरव आधी
जिल्हा न्यायाधीशांसमोर उभा राहिला.
ते तीन महिन्यांनी येतात,
त्या दिवशी आमटीत डाळ असते.
त्यांनी विचारलं, ऊट चन्नागिदेया?
भरमाणी म्हणाला, हौदु साहेब.
प्रश्न जेवणाचा होता, आणि कन्नड तेवढंच येत होतं.

मग वकील, मग धारवाडचं खंडपीठ.
दीड वर्षानं निकाल आला, इंग्रजी, दोन पानं.
मी परतलो त्याच आठवड्यात.
कोर्टाचं पाकीट फोडायचं नसतं, हेही नियमात आहे.
दाभणाला नियम माहीत नव्हता.

जमेल तसं त्याला सांगितलं:
पत्र हा कैद्याचा हक्क आहे, असं कोर्ट मानतं.
तुरुंगाच्या रोजच्या कारभारात आपण हात घालू नये,
असंही मानतं.
अधीक्षकांनी नियमाप्रमाणं करावं. अर्ज निकाली.
"म्हंजे करणार कोण?"
मी नखांतली शाई बघत बसलो.

मग त्यानं आणखी एक कागद काढला, घडीवर घडी.
"ह्यो पण वाच की. कोर्टाचाच असंल, कन्नडात हाय."
त्याच्या हिशोबानं कन्नड म्हणजे
नोटीस, समन्स, जमिनीचा उतारा, बसची पाटी.
सात महिने वकिलाच्या कागदांत जपून ठेवलेला.

शिक्का होता. चार दिवसांत आत पोचलेलं.
वहीचं पान, रेघ सोडून वर चढलेली गोल अक्षरं.

अप्पा, बाई म्हणाल्या कन्नडात लिही, पोचेल.
चुका झाल्या तर हसू नका.
तुम्ही उत्तर देत नाही म्हणून हे शिकले.
रताळी यंदा बारीक आली, काका म्हणतो वेल जुना झाला.
आजीचं वर्षश्राद्ध रविवारी केलं.
तुमची शेवंता.

आदल्या रात्री मी कप्पा उपसला होता.
तिची बावीस पत्रं. अकराव्यात म्हातारी गेली होती.

रताळ्यांपर्यंत मोठ्यानं वाचलं.
वेल जुना झाला, इथं घसा खाकरला.
मग म्हटलं, "तुमची शेवंता."

पंधरा वर्षांत काळ्या शाईनं किती ओळी खोडल्या,
प्रत्येकीची वहीत नोंद आहे, कारणासहित.
हिची नाही.
कुठलं खंडपीठ मागवणार ही ओळ माझ्याकडून?

तो म्हणाला, परत वाच.
कोर्टाचं?
न्हाई रे. त्ये नको.
परत वाचलं. परत तिथंच खाकरलो.

रात्री बावीसच्या बावीस पत्रांवर शिक्का मारला,
तारखेप्रमाणं लावली.
अकरावं वर ठेवलं. कळून जाऊ दे एकदाचं.
मग काढून तळाला घातलं. मग पुन्हा काढलं.
शेवटी जिथलं तिथं सरकवलं
आणि सुतळी बांधली.

वरच्या दहा पत्रांत म्हातारी
तपकिरीसाठी अजून भांडत होती.